पिवळ्या ताईताचं पाणी

शेख सनूसीच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कफ्र सहील गावातल्या झाडून साऱ्या बायका कोंबड्या-बदकांच्या टोपल्या घेऊन हजर होत्या. शेख पिवळ्या शाईनं कागदावर चौकोन आखी, त्यात अक्षरं भरी आणि हा कागदी ताईत पाण्याच्या बाटलीत सोडी. पाणी पिवळंधमक होई, अन् बायका त्या बाटलीवर तुटून पडत.

"मान टाकलेलं पिल्लू दाणे टिपायला लागेल, बायांनो!" शेख गरजला. "बरकत आहे ही, दवाखान्याची पुडी नव्हे! विश्वास कमी पडला तर मात्र पिल्लू मरेल. मग माझ्या नावानं बोंबलू नका!"

केवढी सोय! जगलं तर शेखमुळे, मेलं तर बाईमुळे. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या डॉक्टर बसीमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर होती. तिला सर्वांत जास्त चीड याची, की ताईत सुरुवातीला खरंच लागू पडला होता. पिल्लांची हगवण थांबली होती. आता ती पुन्हा मरू लागली होती, आणि शेख एकाऐवजी दोन ताईत देऊ लागला होता.

तेवढ्यात इन्साफ गर्दीतून पुढे घुसली. कडेवर तिची लेक रुकय्या, तापानं फणफणलेली.

"मौलाना, पिल्लांचं राहू द्या. माझ्या पोरीसाठी लिहा! रुग्णालयातलं औषध हिला लागूच पडत नाही."

"लिहितो की! मोठा ताईत लिहितो. पण ते सुई-सलाईन बंद कर. दोन दगडांवर पाय चालायचा नाही."

"खबरदार, सलाईन बंद केलंस तर!" बसीमा पुढे आली. "इन्साफ, आधी हे बघ."

तिनं पिशवीतून काचेच्या तीन चपट्या डब्या काढल्या. झाकणं चिकटपट्टीनं घट्ट बंद होती.

"या पहिल्या डबीत साधे जंतू वाढवलेत, कुठल्याही औषधानं मरणारे. त्यांच्यावर हा शेखच्या ताईताचा तुकडा. भोवती गोल रिकामी जागा दिसते? तिथले जंतू मेले. शेजारी माझा तुकडा. तोच चौकोन, तीच अक्षरं, पण केशरानं लिहिलेली. त्याच्याभोवती काहीच झालेलं नाही. का?"

"तू विश्वासानं लिहिलं नसशील!" शेख खेकसला.

"मग तुम्ही लिहा ना," बसीमानं केशराची वाटी पुढे केली.

शेखचा हात आपसूक आपल्या दौतीकडे गेला. "मी… मंतरलेल्या शाईशिवाय लिहीत नाही."

"अगं बाई!" मागून म्हातारी फहीमा ओरडली. "अल्लाच्या अक्षरांना तुझीच दौत लागते होय रे?"

बायका खदाखदा हसल्या. बसीमा हसली नाही.

"दौतीत बरकत नाही. कोंबड्यांची औषधं खललीत. एक नव्हे, चार-चार! तपासून घेतलंय मी. आता या दोन डब्या बघा. ही इन्साफच्या गच्चीवर पाळलेल्या पिल्लांच्या विष्ठेतल्या जंतूंची. ही रुकय्याच्या रक्तातल्या जंतूंची, रुग्णालयातून आणलेली. जंतू दोन्हीकडे तोच, साल्मोनेला. शेखचा तोच ताईत ठेवलाय, आणि जंतू कागदाला खेटून वाढलेत. रोज औषध पाजलं, लेचेपेचे मेले, चिवट तेवढे उरले आणि फोफावले. धडधाकट दिसणारं बदकही ते पोटात घेऊन हिंडतं."

इन्साफचा चेहरा पांढराफटक पडला. गावच्या रीतीप्रमाणे ती तोंडात दाणे आणि पाणी घेई, पिल्लाची चोच ओठांत धरून त्याला भरवी. शेखनं सांगितलं होतं, बरकतीचं पाणी घरच्या बाईच्या तोंडातून गेलं की दुप्पट लागतं. रुकय्याही आईचं पाहून तसंच करी.

"म्हणजे मीच… माझंच बघून ती…"

"तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं," बसीमा म्हणाली. "ज्याला दौतीत काय आहे ते ठाऊक होतं, तो तर तोंडानंच पाजा म्हणाला. चल, निघ. रुग्णालयात एक औषध अजून शिल्लक आहे. या जंतूवर तेच चालतं."

शेख तोवर मागच्या दारानं पसार झाला होता. आपली दौत मात्र बरोबर घेऊन गेला, हलकट!

रुकय्या वाचली. पण ताप उतरल्यावर इन्साफनं रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं, "पुन्हा आला आणि हेही औषध चाललं नाही, तर?" "त्यापुढचं औषध आमच्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले.

शेखला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. गावाबाहेर कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेडमध्ये याच औषधांची पावडर बिनताईताची, पोत्यानं पाण्यात ओततात. कोंबडी आजारी असो-नसो, ओततात! तिथं कुणी मंत्र म्हणत नाही, एवढाच फरक. आजार काय ते न बघता औषध पाजणं हीसुद्धा अंधश्रद्धाच आहे, आणि ती शिकलेले लोक पाळतात याचा संताप येतो.

रुकय्यासाठी एक औषध उरलं होतं, म्हणून ती जगली. दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी ते उरेल की नाही, हे आज आपण खुराड्यातल्या पाण्यात काय कालवतो यावर ठरणार आहे. तेव्हा कालवण्याआधी विचारा : हे काय आहे? कुठल्या रोगावर आहे? कुणी तपासलं? समोरचा उत्तर द्यायला कां-कूं करू लागला, तर त्याची बाटली तिथंच ठेवा आणि घरी या.