पेनाची दोरी

पेन टेबलाच्या डाव्या पायाला बांधलेलं होतं आणि दोरी 'नाही'च्या चौकोनापर्यंत आरामात पोचत होती. 'हो'चा चौकोन त्याच्या उजवीकडे. तिथे पोचायला बोटभर उरलं की दोरी ताठ व्हायची आणि पेनाचं टोक हवेतच थरथरत राहायचं. ऊर्मीने दोनदा करून पाहिलं. दोरी बांधणाऱ्याच्या मनात तसं काही असेल असं नाही, त्याला फक्त पेन चोरीला जायला नको होतं… पण अकराव्या प्रश्नाचं उत्तर त्याने परस्पर देऊन टाकलं होतं. 'स्तनात गाठ, वेदना किंवा इतर काही बदल जाणवतो का?'

पेरुंगुडीतल्या ऑफिसचं पार्किंग, त्यात तपासणीची पांढरी व्हॅन, व्हॅनला गुलाबी फुगे — जणू आत मशीनचा वाढदिवस होता. फॉर्म पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याची एक गुलाबी बाटली ठेवलेली. तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येकीला तशी एक भेट मिळणार होती.

"ऊर्मी मॅम, सगळीकडे 'नो' करा ना," टेबलामागून कीर्तना म्हणाली. कीर्तना एचआरमधली, तंजावरकडच्या मराठी घरातली. ऊर्मीशी मराठी बोलायची ती पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढावेत तशी. "सगळे 'नो'च करतात. 'येस' केलं तर मला फॉर्म कॅन्सल करायला लागतं. हे काही नसलेल्यांसाठी आहे."

"आणि काही असलं तर?"

"तर डॉक्टरकडे जायचं ना, मॅम," कीर्तना हसली. प्रश्न विनोदी होताच.

ऊर्मीला हे माहीत नव्हतं थोडंच. याच इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून ती नऊ वर्षं विम्याचे दावे तपासत होती. मोफत तपासणी निरोग्यांना. गाठ सापडलेल्या बाईची ती तपासणी राहत नाही, तो इलाज होतो, आणि इलाज मानायचा आणि त्याचे पैसे द्यायचे तर बाई निदान एक रात्र इस्पितळात झोपलेली हवी. बरं, 'नाही' लिहून व्हॅनमध्ये चढावं आणि मशीनला काही दिसावं, तर पुढे केव्हातरी कुणीतरी विचारणार — पहिल्यांदा कधी जाणवलं? — आणि तारीख आजच्या आधीची निघाली की शेरा: माहिती दडवली. हा शेरा मारणारं कुणीतरी म्हणजे चौथ्या मजल्यावरची, खिडकीजवळची, पाठीला उशी घेऊन बसणारी बाई. म्हणजे मी.

दोन्ही चौकोनांतून निघालेली वाट फिरून त्या उशीपाशीच येत होती.

अकरा दिवस झाले. अंघोळ करताना डाव्या बाजूला साबणाची वडी घसरत गेली आणि अडली. हरभऱ्याएवढी, असं आधी मनात आलं. मग लगेच, 'हरभरा' चालणार नाही, मिलिमीटर लिहावे लागतील… पाणी वाहत होतं आणि ती उभ्या उभ्या स्वतःच्या अर्जातली त्रुटी काढत होती. नवऱ्याला, पुष्करला, चौथ्या दिवशी सांगितलं. तो कामावर, इरुंगाट्टुकोट्टैला निघायच्या घाईत, एक पाय बुटात. "असेल काही साधं," तो म्हणाला, मग दुसरा बूट हातात घेऊन तिच्याकडे वळला. "तुमच्याकडे कॅम्प असतो ना दर वर्षी? दाखवून टाक. तुमच्यात तर सगळं फुकट!" त्याचा चेहरा उजळला होता. तेवढ्यासाठी तिने 'बरं' म्हटलं.

आणि आज सकाळी स्वयंपाकाला येणारी भवानी. सांबाराला फोडणी देता देता, अगदी सहज — "अक्का, आरोग्य केंद्रातली नर्स हात लावून बघली मला. मी काय सांगितलीच नाही, तीच बघली."

"मग?"

"गाठ नाही म्हणे." भवानीने पळी आपटली. "सरकारचं कार्ड आहे माझ्याकडे. गाठ असली तर मोठं ऑपरेशन, सगळं त्यांचं. नसली तर काय? नुसतं कार्ड! डब्यात पडलंय." मग वळून, ऊर्मीकडे नीट पाहत, "तुम्ही पण येता का? नर्स चांगली आहे. काही विचारत नाही."

काही विचारत नाही. ऊर्मीला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून ती म्हणाली, "मीठ जरा कमी घाल."

दाव्यांच्या फायलींत तिरुवल्लिकेणीची एक बाई होती — गेल्या वर्षीची, की त्याच्या आदल्या. अशाच फॉर्मवर तिने 'हो' केलं होतं आणि तरी तपासणीचा दावा पाठवला होता. ऊर्मीने नियमाप्रमाणे नाकारला: आपल्याला लक्षणं असल्याने ही तपासणी प्रतिबंधात्मक मानता येत नाही. बाईचं उलट पत्र आलं, एका ओळीचं. 'काही नसतं तर मी आले कशाला असते?' या प्रश्नाला ठरलेल्या उत्तरांच्या यादीत उत्तर नव्हतं. ऊर्मीने फाईल बंद केली आणि संगणकाने आपणहून बाईला निरोगी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा पाठवल्या.

"मॅम, मागे लाइन आहे," कीर्तना म्हणाली, आणि घाई व्हावी म्हणून असेल, तिने फॉर्मवरची बाटली उचलून ऊर्मीच्या हातात दिली. "ही तुमची. आधीच घेऊन ठेवा."

कागद सुटला. पंख्याच्या वाऱ्याने कडेला किंचित उचलला गेला, ऊर्मीने तळव्याने दाबला, आणि दाबता दाबता तो डावीकडे सरकला — दोन बोटं, सहज. आता दोन्ही चौकोन पेनाच्या टप्प्यात होते. मघापासून ती दोरीवर चिडली होती. चिडायला दोरी बरी होती. बाटली काखेत धरली तर डावीकडे दुखेल म्हणून तिने ती उजव्या काखेत घेतली… दुखत तर नव्हतं. कधीच दुखलं नव्हतं.

तिरुवल्लिकेणीच्या त्या बाईची बरोबरची खूण तिला आठवली. इतकी दाबून केली होती की कागदाच्या मागून बोटाला लागायची. नऊ वर्षांत इतक्या खुणा पाहिल्या, ही एकच बोटाला लागलेली. पुढे तिचं काय झालं? फाईलमध्ये नव्हतं. फाईलमध्ये ते असायची सोयच नव्हती. ऊर्मीनेही विचारलं नव्हतं, तिला कधी सुचलंही नव्हतं… आणि आता रांग मागून सरकत असताना, पेनाचं टोक कागदावर टेकवून, तिला त्या प्रश्नाशिवाय दुसरं काहीच सुचत नव्हतं.