पडवीतली शाळा

भिकाजी गुरुजी वाईट माणूस होते असं कुणी म्हटलं, तर आमची वाडी आजही अंगावर येईल. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीतून मास्तर झालेले ते पहिलेच. लोकांची पत्रं वाचून दाखवायचे, कुणी दुखणाईत पडलं तर महाडच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जायचे. मला शाळेत घेतलं तेही त्यांनीच. त्यामुळे माझा राग कुणाला पटत नाही. न पटेना का.

माझे दोन्ही पाय पोलिओनं गेले. मी हातांवर सरकत चालायची. आईनं पाठुंगळी आणून शाळेत सोडलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "मंजुळा, तू पडवीत बस. आत पोरं तुडवतील तुला. बाहेर वाराही येतो." वारा भरपूर यायचा. शेजारी त्यांच्या चपला असायच्या. दार कोपऱ्यापलीकडे, खिडकी माझ्या डोक्याच्या बरीच वर. उभं राहता येणाऱ्यांसाठी केलेली.

दोन वर्षं मी त्या भिंतीला कान लावून शिकले. आत जे म्हणतील ते मी बाहेर म्हणायची. कविता, पाढे, रोजचा सुविचार, सगळं तोंडपाठ. पाटी होती, पण तिच्यावर काय काढायचं हे दाखवायला कुणी बाहेर येत नसे. घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं आणि बाप मुंबईला गोदीत. तरी मला शाळा आवडायची. पुढच्या वर्षी गुरुजी आत घेतील, असं मी आजीला रोज सांगायची.

मग १९८१ साल उजाडलं. ते म्हणे अपंगांचं वर्ष. तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार होते, आणि अपंग मुलीला शिकवणाऱ्या मास्तरांचं कौतुक करणार होते. त्या दिवशी गुरुजींनी मला उचलून आत नेलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. शाळा आतून मी पहिल्यांदाच बघितली. फळा मला वाटला होता त्याहून लहान निघाला. मी इतकी हरखले होते की साहेबांना नमस्कार करायचाही विसरले.

साहेबांनी कविता म्हणायला सांगितली. मी म्हटली. तेराचा पाढा विचारला. न अडखळता म्हटला. साहेब खूश, गुरुजींची छाती फुगलेली. मग साहेब म्हणाले, "शाबास. आता फळ्यावर काय लिहिलंय ते वाच."

मी फळ्याकडे बघत राहिले. पांढऱ्या रेघा होत्या. पोरं हसायला लागली. पहिलीतल्या एका चिमुरडीनं वाचून टाकलं, "नेहमी खरे बोलावे." तो सुविचार तर मला पाठ होता! पण तो असा दिसतो, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

"पाठांतर पोपटही करतो," साहेब म्हणाले. "पायांबरोबर डोकंही अधू दिसतंय. हिला मुंबईच्या खास शाळेत पाठवा. इथे वेळ घालवू नका."

एक वाक्य पुरलं असतं: ती बाहेर बसते, साहेब. गुरुजी बोलले नाहीत. त्यांच्या गळ्यात हार होता.

माझं नाव शाळेतून कमी झालं. बापानं मुंबईत दोन शाळा पालथ्या घातल्या. मुलींच्या वसतिगृहात कुठेच जागा नव्हती. मी घरी बसले. अक्षरं मी सोळाव्या वर्षी धाकट्या भावाच्या पुस्तकातून शिकले, आणि अपंगांचा कायदा पंच्याण्णवात आला. वरातीमागून घोडं.

पण एक्याऐंशीच्याच एप्रिलातली जयंती राहिली सांगायची. शाळेच्या अंगणात वाडी जमली होती. दरवर्षीसारखे गुरुजी बोलायला उभे राहिले. लहानपणी मास्तरांनी त्यांना वर्गाबाहेर पायरीवर बसवलं, पाटी लांबूनच तपासली, हे ते सांगायचे. बायका डोळे पुसायच्या. मीही आधी पुसायची.

आजी उठली. सोनाबाई, माझ्या बापाची आई. दहा वर्षांची असताना बापाच्या बोटाला धरून महाडच्या तळ्यावर गेलेली. तिला खाली बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"भिकाजी," ती म्हणाली, "त्या पायरीवरनं तुला फळा दिसायचा काय रे?"

गुरुजी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

"दिसायचा, सोनाय. पायरी दारासमोरच होती."

"म्हणून तू मास्तर झालास," आजी म्हणाली. "माझ्या नातीला नुसती भिंत दिसायची."