हात लावायला नको अशी सायकल

सायकलच्या दुकानात शिरताना सुनेच्या मनात एकच गोष्ट होती. आज जी सायकल घरी येईल तिला सासऱ्यांचा हात लागता कामा नये, आणि का लागता कामा नये हे सासऱ्यांना कळता कामा नये. सुंठीवाचून खोकला जायला हवा होता.

सासरे बरोबरच होते. त्यांना वगळून घरात साधा स्क्रू येत नसे, तिथे सायकल कुठली यायला! पस्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस. निवृत्तीनंतर हाताशी बस उरली नाही, तेव्हा सगळी फिटरगिरी सुनेच्या सायकलीवर आली. दर रविवारी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून ते सायकल सुटी करत, पुसत, तेल देत आणि पुन्हा जोडत. वर्कशॉपची रीत अशी की आधी सगळे नट बोटांनी बसवायचे, मग एकेक पान्ह्याने आवळायचा आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर खडूची रेघ ओढायची. रेघ दिसली की काम झालं. गेले काही महिने सासरे नट बोटांनी बसवून थेट खडूच उचलत होते. मधली पायरी त्यांच्या डोक्यातून गळून पडली होती.

सून दवाखान्यात डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती. साडेसहाला पहिला पेशंट खुर्चीत बसलेला असायचा, म्हणून ती शेवटच्या उतारावर सायकल सुसाट सोडत असे. मंगळवारी त्याच उतारावर ब्रेकची तार सुटली. भिंतीला घासत कशीबशी थांबली. घरी सांगितलं, जिन्यावर घसरले. त्याआधी एकदा तिने दुसऱ्या मिस्त्रीकडून नट आवळून घेतले होते, तर पुसलेल्या रेघा पाहून सासरे दोन दिवस जेवले नव्हते. नवरा दूरगावी नोकरीला. फोनवर म्हणाला, "बाबांना सांगून टाक ना सरळ." लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातं! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तो थोडाच येणार होता?

दुकान एका बाईचं होतं. तिच्या तेलकट हातांकडे सासऱ्यांनी दारातूनच संशयाने पाहिलं.

"रोज किती जाता, ताई?" दुकानवालीने विचारलं.

"जाऊन येऊन चौदा किलोमीटर. पाऊस असो की काही असो."

सासरे तोवर एका सडपातळ, सात गिअरच्या सायकलीपाशी पोचले होते. "ही बघ. सगळं उघडं, सगळं हाताशी!"

"छान आहे," दुकानवाली म्हणाली, "पण हिचे लाड फार. जरा चिखल उडाला की रुसते. रोजच्या कामाला ही बघा." तिने एक राखाडी, जाडजूड सायकल पुढे ओढली. "साखळीच्या जागी रबरी पट्टा आहे, तेल नको. गिअर मागच्या चाकाच्या पोटात बंद, ब्रेकही चाकांच्या आतच. तुम्ही फक्त हवा भरायची. वर्षातून एकदा माझ्याकडे आणा."

"आणि घरी काय उघडायचं?"

"काहीच नाही, आजोबा."

'आजोबा' त्यांना झोंबलंच. "जी वस्तू उघडता येत नाही, ती आपली कसली? उद्या आत काय मोडलंय हे विचारायला परक्याच्या दारात उभं राहायचं."

"मला हीच आवडली, बाबा," सून घाईने म्हणाली. "रंग छान आहे."

"राखाडी? राखाडी रंग आवडला तुला?"

आपलं खोटं इतकं भिकार असेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

दुकानवाली म्हणाली, "दाराशी ती तुमची जुनी ना? बसा तिच्यावर. सीटची उंची बघून घेते."

"नको, मी अंदाजाने सांगते," सून म्हणाली.

"अगं, बस की! मापासाठीच तर आणायला लावली मी," सासरे म्हणाले.

दुकानवालीने सायकल धरायला म्हणून पुढचं चाक पकडलं आणि ती थबकली. चाक हलवून पाहिलं, तर ते खटखटलं. तिने दोन बोटांनी नट फिरवला. नट फिरला. दुसरा फिरवला, तोही फिरला.

"ताई, हिच्यावर बसून आलात?"

"नाही. ढकलत आणली."

"नशीब तुमचं! प्रत्येक नटावर खडूची रेघ, आणि आवळलेला एकही नाही. कुणी केलंय हे? तुमच्या जिवावर उठलंय कोण?"

"मीच," सून म्हणाली.

तिने सासऱ्यांकडे पाहायचं टाळलं. ते सावकाश खाली बसले. पुढचा नट, मागचा नट, ब्रेकचा, सीटखालचा, एकेक बोटाने फिरवत गेले. प्रत्येक नट फिरला.

"खोटं बोलतेय ती," सासरे अखेर म्हणाले. "पान्हा कुठल्या बाजूने धरायचा हेसुद्धा तिला ठाऊक नाही. रेघ माझी आहे."

"वयानं होतं असं, आजो... काका."

"बसचे नट आवळलेत मी, बाई. साठ-साठ माणसं बसायची." त्यांचा आवाज फाटला. उठताना त्यांनी सुनेचा आधार घेतला नाही. "मंगळवारी जिन्यावर घसरलीस ना? कुठं घसरलीस?"

"उतारावर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जेवला नसता, बाबा."

"आणि तू मेली असतीस, तर जेवलो असतो?"

ते इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून आत बघू लागला. सुनेला रडू फुटलं. इतके दिवस आपण त्यांचा मान राखतोय असं ती समजत होती. खरं तर ती त्यांच्या रागाला भ्यायली होती, आणि हे तिला आत्ता या परक्या बाईसमोर कळत होतं.

"ती राखाडी द्या," सासरे दुकानवालीला म्हणाले. "सीट तुम्हीच बसवा. जुनी इथंच राहू द्या."

दुकानवालीने सीट बसवली, नट आवळले. ते शेजारी उभे राहून बघत होते. पान्हा फिरला की त्यांचं मनगटही थोडं फिरे. एरवी दहा चुका काढल्या असत्या, आज एकही काढली नाही.

परत येताना ती नव्या सायकलीवर बसली नाही. सायकल मध्ये धरून दोघं दोन बाजूंनी चालत होते. चाकांचा जराही आवाज येत नव्हता.

चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "उद्या रविवार."

"हो."

"मी काय करू गं उद्या?"

सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला तिच्यापाशी काही ना काही उत्तर होतं, बहुतेक खोटंच. या प्रश्नालाही एखादं सुचलं असतं.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली, आणि दोघं चालत राहिले.