दिवे हिरवे, किल्ली परकी

मित्रांनो, मी एक राउटर आहे. इंटरनेटची तार ज्या पांढऱ्या डब्यात येऊन संपते आणि जिथून ते हवेवाटे घरभर पसरतं, तो डबा म्हणजे मी. रेणापुरात भीमाशंकरमामांच्या घरी, माजघरातल्या कोनाड्यात माझी जागा आहे. आत्मवृत्त सांगणारी माझी भावंडं, म्हणजे छत्री, पाटी, शाईचं पेन वगैरे, आपल्या सेवेचा अभिमान सांगतात. मला तसं सांगता येणार नाही. मी शरमेने बोलतो आहे, तेव्हा आवाज बारीक वाटला तर समजून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हुशारीत मी कुठे कमी नव्हतो. माझ्या पोटातून दोन लहरी निघतात. एक संथ, पण भिंतींपलीकडे जाणारी. दुसरी वेगवान, पण जवळच्या जवळ फिरणारी. कोणत्या लहरीला काय नाव द्यायचं, घरातल्या कोणत्या यंत्राला कुठे बसवायचं, हे सगळं मला येत होतं. पण कारखान्यातून निघालो तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या गोदामात. तिथे माझ्या सगळ्या कळांवर कंपनीने आपला पासवर्ड घातला. दोन्ही लहरींना एकच नाव दिलं. पाठीवरच्या जोडणीच्या जागाही बंद केल्या, दुसरा राउटर जोडायची सोयच ठेवली नाही. मग माझ्या कपाळावर कंपनीचं नाव चिकटवलं आणि मला घरोघरी द्यायच्या ढिगात टाकलं. म्हणजे राहायचं एकाच्या घरी आणि हुकूम पाळायचा दुसऱ्याचा. खायचं एकाचं नि गायचं दुसऱ्याचं, अशी माझी गत झाली.

भीमाशंकरमामांचं बाजारात खत-बियाण्याचं दुकान आहे. घराच्या भिंती हातभर जाड, आत मोबाइलची रेंज येत नाही, म्हणून त्यांनी मला आणलं. घरात त्यांची बायको कमलम्मा आणि सून अक्षरा; ती सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणते. मुलगा रुद्रेश नांदेडला नोकरीला, तो शनिवारी येतो. कमलम्मा अंगणात पाय घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून त्या माजघरात, माझ्या समोरच खाटेवर असतात. आधाराशिवाय त्यांना उठता येत नाही.

अशात अक्षराला लातूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवायची नोकरी लागली. पोरगी लग्नाआधीपासून या नोकरीची वाट बघत होती. मामा म्हणाले, "तिथं बसून आत्यावर नजर राहत आसंल तर जा माय. न्हाई राहिली तर नौकरीचं नाव काढायचं न्हाई."

अक्षराने त्याच आठवड्यात एक छोटा कॅमेरा आणला. त्यातून दिसतं, ऐकू येतं आणि बोलताही येतं. दुपारी जेवू घालायला शेजारची रत्नम्मा येणार होती, बाकीच्या वेळी कॅमेरा. सगळं ठरलं आणि घोडं माझ्यापाशी अडलं. त्या कॅमेऱ्याला फक्त माझी संथ लहर कळत होती. दोन्ही लहरींचं नाव एकच असल्यामुळे तो बिचारा गोंधळून जायचा. दोघींना वेगळी नावं द्या, की काम झालं. अक्षराला हे नेमकं ठाऊक होतं. तिने फोनवर माझं सेटिंगचं पान उघडलं, आणि मी तिच्या तोंडावर लिहून दाखवलं: परवानगी नाही. तिचाच डबा, तिच्याच घरात, तिच्याच विजेवर चालणारा, आणि तिलाच परवानगी नाही. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

तिने माडीवर जाऊन कंपनीला फोन लावला. फोनवरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडून सगळे दिवे हिरवे दिसताहेत. सेटिंग सुरक्षेसाठी बंद असते." कुणाची सुरक्षा, असं अक्षराने विचारलं. त्यावर त्यांनी गाणं लावून दिलं.

शेवटी कंपनीचा लाइनमन भुजंग आला. तो मनाने चांगला होता. म्हणाला, "वैनी, पासवर्ड हाय माझ्याकडं, पण तुमाला द्यायचा हुकूम न्हाई. मीच करून देतो. पण ध्यानात ठेवा, कंपनीनं वरून अपडेट सोडलं की समदं पहिल्यासारखं होईल."

"कवा सोडतेत?"

"ते मलाबी सांगत न्हाईत."

त्याने दोन लहरींना दोन नावं दिली आणि कॅमेरा लागला. अक्षरा एस.टी.ने लातूरला जाऊ लागली. खरं सांगतो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. कमलम्मा सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे डोक्यावरून पदर घेऊनच बसायच्या. "कॉलेजातले सर लोक दिसतेत का गं मला त्यातून?" असं विचारायच्या. अक्षरा हसून म्हणायची, "न्हाई आत्या, मी एकटीच बघून राहिले." मग त्या कॅमेऱ्याशी गप्पा मारू लागल्या. चहा घेतलास का, पोरं ऐकतेत का, भाजीला काय करू सांगू रत्नम्माला. एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या मधल्या सुट्टीत अक्षरा उत्तर द्यायची. सासूसुनेचं इतकं बोलणं घरात असतानाही होत नसे.

खंडेनवमीला मामांनी दुकानातला तराजू पुजला, घरात विळी-कात्री पुजली. कमलम्मा खाटेवरून म्हणाल्या, "त्या डब्यालाबी इभूत लाव गं. त्याच्यामुळं तुझी नौकरी हाय." अक्षराने माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली, अगदी कंपनीच्या नावावरून. थोडी विभूती माझ्या जाळीत गेली आणि मला ठसका लागला. ज्याच्या गळ्यातला पट्टा दुसऱ्याच्या हातात, त्याची कसली पूजा, असं वाटून मी दिवसभर तापलेलाच राहिलो.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी रत्नम्मा जेवू घालून शेताला गेली. त्यानंतर वरून हुकूम आला. मला 'नको' म्हणता येत नाही. मी डोळे मिटले आणि उघडले, तोवर भुजंगने दिलेली दोन्ही नावं पुसली गेली होती. माझे दिवे हिरवेच होते. कॅमेरा मात्र आंधळा-बहिरा झाला होता.

तिकडे अक्षराच्या फोनवरचं चित्र गेलं. तिने रत्नम्माला फोन लावला, तो लागेना. मग दुकानात मामांना लावला. हे मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. ती म्हणाली, "मामा, कॅमेरा बंद पडलाय, आत्याला बघून या." मामांच्या दुकानात रब्बीच्या बियाण्याची गर्दी होती. "ते बंद पडतच आसतंय. गिऱ्हाईक सरलं की जातो," म्हणाले आणि हरभऱ्याच्या पिशव्या काढत राहिले.

इथे कमलम्मांनी तांब्याकडे हात लांबवला आणि त्या खाटेवरून खाली घसरल्या. पडल्या पडल्या त्यांनी आधी काय केलं असेल? गुडघ्यावर आलेलं लुगडं ओढून सारखं केलं, कॅमेऱ्यापुढे उघडं दिसू नये म्हणून. मग म्हणाल्या, "अक्षरा, मी खाली हाय गं." थोडं थांबून पुन्हा, "शिकवून राहिलीस का? राहू दे मग. तास झाला की बोल."

मित्रांनो, त्या बाईने मधली सुट्टी होईपर्यंत वाट बघायचं ठरवलं. मी समोर होतो. मला ओरडता येत नाही. मला फक्त दिवे आहेत आणि ते सगळे हिरवे होते.

मामा आले तेव्हा उन्हं उतरली होती. पाठोपाठ अक्षरा रिक्षाने येऊन पोचली. दोघांनी मिळून कमलम्मांना उचललं. सुदैवाने हाड पुन्हा मोडलं नव्हतं, पण पाठीला मार लागला होता. मामा माझ्याकडे बोट करून सुनेला म्हणाले, "समदे दिवे हिरवे हायत की. तुझं शिकलेलं तुलाच येत न्हाई म्हण."

"मामा, कंपनीनं पुसलं. माझं चुकलं न्हाई."

"कंपनीचं काय तुझ्या आत्याशी वैर हाय?"

मामांनाही स्वतःची लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. सुनेचा फोन आला तेव्हाच उठलो असतो तर, हा विचार त्यांना खात होता. पण लाजलेला माणूस रागाच्या आड लपतो, आणि त्या दिवशी त्यांना आडोसा मिळाला तो माझ्या दिव्यांचा. कमलम्मा म्हणाल्या, "तिला बोलू नका." त्यांचं कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुजंगला बोलावलं. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान खाली घातली. "वैनी, नव्या अपडेटनं माझाबी पासवर्ड गेला." गावात दुसऱ्या कुठल्या कंपनीची तार नव्हती. अक्षराने रजा घेतली, मग ती वाढवली. कंपनीला तिने पुन्हा पुन्हा विनवलं आणि प्रत्येक वेळी तिला तेच गाणं ऐकवलं गेलं.

मग एका सकाळी कॉलेजचा निरोप आला. तो माझ्यातूनच आला. ज्याला कॅमेऱ्याचं एक चित्र पोचवता आलं नाही, त्याने तो निरोप पापणी लवायच्या आत पोचवला: आपल्या जागी दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक झाली आहे. अक्षरा भाजी निवडत होती. तिने तो वाचला आणि फोन उलटा ठेवला.

"कुणाचं आलं गं?" कमलम्मांनी विचारलं.

"कुणाचं न्हाई आत्या. कंपनीची जाहिरात हाय," ती म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

ती अजून रोज माझ्यावरची धूळ पुसते. एकदा तरी आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र घरात घ्याल, तेव्हा त्याची किल्ली कुणाकडे राहणार, हे दारातच विचारून घ्या. न विचारता घेतलंच असेल, तर निदान एवढं करा. तुमच्या घरातली शिकलेली लेक किंवा सून "माझं चुकलं नाही" असं म्हणाली, तर माझ्या दिव्यांकडे बघण्याआधी एकदा तिच्याकडे बघा.