काळ्या काठाचा पिवळा पतंग

वणव्याचे दिवस जवळ आले की इथं ऑस्ट्रेलियात, गिप्सलँडमध्ये, सगळेच घराभोवतीची वाळकी पानं झाडून काढतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या वर्षी माझ्या नवऱ्यानं, लिंडसेनं, धुण्याच्या खोलीतला आइस्क्रीमचा डबाही रिकामा केला.

त्या डब्यात माझे सुरवंट होते. आमच्या परसातल्या दिव्यावर नखाएवढे पिवळे पतंग येतात. त्यांचा गोतावळा मोठा, सगळे निलगिरीच्या वाळक्या पानांवर वाढलेले. त्यातला एक नुसता पिवळा, त्याला शास्त्रीय नाव आहे. दुसरा काळ्या काठाचा. ती वेगळीच, नवी जात आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. शेवटी संग्रहालयात पतंगांचं काम बघणारी मॉइरा म्हणाली, "काळ्या काठाच्या मादीची अंडी वाढव. सगळे काळ्या काठाचेच निघाले तर तुझं खरं." म्हणून पानं आधी ओव्हनमध्ये भाजून घेतली, त्यांत दुसऱ्या कुणाचं अंडं नको. मग त्यांवर ते सुरवंट वर्षभर जिवापाड जपले.

"डब्यातली पानं कुठायत?"

"ट्रेलरमध्ये. कचरा डेपोलाच निघालोय. का गं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तुझं डोकंही टाकून ये तिथं. नाहीतरी वापरात नाहीये."

तो ट्रेलरशेजारी खुर्ची टाकून बसला आणि भाजून काळवंडलेली पानं एकेक वेचू लागला. जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी अर्धा डबा भरून पुढ्यात ठेवला, तेव्हा माझा राग विरला.

नोव्हेंबरात एका सकाळी डब्यात पतंग निघाले. काळ्या काठाचे होते आणि नुसते पिवळेही होते. भिंगाखाली पाहिलं, तर काळ्या काठाच्या सगळ्या माद्या आणि पिवळे सगळे नर. माझी नवी जात गेली.

लिंडसे डब्यात डोकावला. "नवरा-बायकोच की हे. उगाच वेगळे काढलेस."

"दिसतात तरी का एकमेकांसारखे?"

"आपण कुठं दिसतो?"

वाईट वाटलंच, पण हसूही आलं. मॉइराला फोन करून चूक कबूल केली. ती आनंदानं किंचाळलीच. फोन ठेवून मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालू लागले.

"काय म्हणाली?" लिंडसेनं विचारलं.

"म्हणाली, संग्रहालयात या पिवळ्या जातीचे सगळे नरच आहेत. या पतंगाची बायको आजवर कुणी ओळखलीच नव्हती."

"मग बस तू," तो म्हणाला, "चहा मी टाकतो."