बुडालेला कोळसा

भावाच्या बांधकामाच्या ठोकळ्यांच्या कारखान्यात पाऊल टाकलं आणि मिक्सरजवळच्या अनोळखी गोण्या पाहून अक्काच्या कपाळावर आठी पडली. तिने मूठभर काळी भुकटी घेऊन पाण्याच्या बादलीत टाकली. भुकटी सरळ तळाला गेली.

भाताच्या तुसाचा कोळसा असा बुडत नाही. हलका, अंगभर भोकांचा. बराच वेळ पाण्यावर तरंगतो, मग सावकाश पाणी पितो. अक्काची आई घराच्या जमिनीखाली तो घालायची, तोही चांगला भिजवून, आणि पोरींनी घाई केली की हातावर फटका द्यायची. पुढे कित्येक वर्षांनी तोच कोळसा बायोचार या नव्या नावाने मोठ्या मानाने परत आला, तेव्हा अक्काला आईच भेटल्यासारखं झालं. बंद भट्टीत तूस भाजायचं, तो कोळसा ठोकळ्यांत कालवायचा, म्हणजे त्यातला कार्बन हवेत न जाता भिंतीत राहतो, आणि सिमेंटही कमी लागतं. शाळेच्या नव्या इमारतीचं काम तिच्या धाकट्या भावाला मिळालं ते याच ठोकळ्यांवर.

आणि त्याने दगडी कोळसा दळून आणला होता.

तो सांगू लागला. भट्टीचं झाकण तडकलंय, तपासणीसबाई आजच येणार, थांबलो तर काम दुसऱ्याच्या घशात जाईल. शिवाय रंग तोच, कुणाला कळतंय.

"मला कळलं ना," अक्का म्हणाली. "हा दगडी कोळसा जमिनीखाली गपगुमान पडला होता. तो उकरून भिंतीत भरलास, त्यात हवेचं काय भलं झालं रे? लाज काय गुंडाळून ठेवलीस?"

"तू फक्त गप्प राहा, अक्का. तेवढंही जमत नसेल तर घरी जा."

हाताला धरून ज्याला चालायला शिकवलं, तो हे बोलत होता. अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तपासणीसबाई आल्या. ठोकळे काळेभोर आहेत म्हणून खूष झाल्या, सहीसाठी पेन काढलं. अक्काने बादली त्यांच्या पुढ्यात सरकवली, भट्टीजवळ उरलेला मूठभर तुसाचा कोळसाही तिच्यात टाकला आणि कोणता कोळसा तरंगतो, कोणता बुडतो ते दाखवलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

गाडी गेल्यावर धाकटा म्हणाला, "झालं समाधान?"

"नाही झालं. माती कालव, झाकण लिंपायचंय."

तो हलला नाही. मग तिनेच बाह्या सरसावून माती कालवायला घेतली, आणि हात चालू असताना त्याचा उद्धारही चालूच ठेवला.