बरणीचा हेवा करणारी जर्रा

मत्सर हा असा अग्नी आहे, की तो शेजाऱ्याचे घर जाळायला निघतो आणि आधी आपलेच छप्पर पेटवतो. मित्रांनो, हे मी ऐकीव सांगत नाही. मी जेर्बा बेटावरची एक जुनी जर्रा, म्हणजे पाण्याची मातीची घागर आहे.

बेल्गासेम कुंभाराने समुद्राच्या पाण्यात मळलेल्या मातीतून मला घडवले. तीस उन्हाळे मी सासियाआजींच्या ओट्यावर पाझरत उभी राहिले. माझ्या अंगाला घाम सुटे, म्हणून पोटातले पाणी गार राही. वाटसरू पाणी पिऊन मला दुवा देत.

मग फळीवर मुरंब्याची काचेची बरणी आली. आजींची नात रिहाब शाळेत इंग्रजी शिकवते. ती एकदा म्हणाली, "आजी, हिला इंग्रजीत 'जार' म्हणतात. शब्द आपला अरबीच! आपली जर्रा फ्रेंचांकडे गेली आणि तिथून इंग्रजांकडे. आधी तिकडेही जार म्हणजे तेलापाण्याचं मातीचं भांडंच होतं. आता मुरंबा काय, लोणचं काय, सगळं काचेच्या जारमध्ये."

"म्हणजे नाव जर्रेचं आणि मिरवते बरणी?" आजी हसल्या. "चांगली सवत आणलीस गं घरात!"

त्या थट्टेने माझ्या मनात घर केले. ऊन पडले की बरणी मधासारखी उजळे. मी मात्र डागाळलेली, शेवाळलेली. ती फुटावी असे मी चिंतले. ती फुटेना, तेव्हा तिची कांती मला मिळावी असे मागत राहिले.

ईद जवळ आली. आजी बाजारात गेल्या असता रिहाबने मला घासले, उन्हात वाळवले आणि अंगभर चकचकीत रोगण चढवले. मी केवढी हरखले! दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी पाण्याचा घोट घेतला.

"हे काय गं, इतकं कोमट? यात चहा टाकायचा राहिला का?"

"आजी, मी तिला सजवलं..."

"अगं शहाणे, श्वास कोंडलास तिचा! एवढी मोठी मास्तरीण, आणि जर्रेला घाम लागतो हे ठाऊक नाही?"

रिहाबने डोळे पुसत मला वाळूने घासघास घासले. रोगण छिद्रांत मुरले होते. पाणी पुन्हा गार झाले नाही.

आता उकिरडाच, असे मी समजले. पण आजींनी मला पुसून माझ्यात सुकी अंजिरे भरली आणि फळीवर बरणीशेजारी ठेवले. "बस आता. तूही जार झालीस," त्या म्हणाल्या. ओट्यावर नवी जर्रा पाझरू लागली. तिचे ओले अंग पाहून माझे मन अजूनही जळते. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, पण तिचा स्वभाव जाणून जपा. नव्या जर्रेचे पाणी सदैव शीतल राहो, बरणीची काच अभंग राहो आणि रिहाबच्या प्रेमळ हातांचे कल्याण होवो.